बापूसाहेबांच्या ओट्याखालून

घरी कोणी पाहुणा आला की माझी सून मोठ्या कौतुकानं सांगते, "आमचे मामंजी इंजिनिअर होते." मी तिथंच तिला दुरुस्त करतो. इंजिनिअर नाही, ओव्हरसियर. तोही नगरपालिकेचा, आणि त्यातही नाल्यांचा. बिचारीचं तोंड उतरतं. उतरू दे. पूल बांधणारे आणि धरणं बांधणारे पुष्कळ झाले, त्यांच्या नावाच्या पाट्याही लागल्या. पण गावात पडलेलं पाणी बिनबोभाट गावाबाहेर घालवून देणं हे काय प्रकरण असतं, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. मी उभी उमर ते काम केलं, आणि खरं सांगतो, मजेत केलं.

गावाचं नाव मात्र सांगणार नाही. वर्धा जिल्ह्यातलं, कापसाचं, आर्वीहून लहान आणि सेलूपेक्षा स्वतःला मोठं समजणारं, एवढ्यावर भागवा. नाव छापलं तर उद्या या गोष्टीतल्या ओट्यांचे वारसदार माझ्या फाटकाशी उभे राहतील आणि या वयात मला भांडण झेपत नाही. म्हणजे झेपतं, पण डॉक्टरनं नको म्हटलंय.

नालीचं शास्त्र तसं सोपं. पाण्याला उतार लागतो, त्याला आम्ही ढाळ म्हणतो, आणि मोकळी वाट लागते. ढाळ माझ्या हातात होता. वाट गावाच्या हातात होती. आता गावानं ती कशी ठेवली असेल हे काय सांगायचं! एका गृहस्थांनी रीतसर अर्ज केला होता की दारासमोरून नाली नको, वास येतो. पण घरातलं पाणी मात्र नालीत गेलंच पाहिजे. मी विचारलं, "मग नाली नेऊ कोठून?" तर म्हणाले, "ते तुमचं काम हाय ना बावा. पगार तुम्ही घेऊन राह्यले का आम्ही?" एक म्हातारी तर दर पावसाळ्यात कचेरीत येऊन माझ्यापुढं काठी आपटायची, "आमच्याच गल्लीत जास्त पानी काऊन पाडता?" मी तिला दरवर्षी सांगायचो की यंदा वरती लिहून पाठवलंय. ती समाधानानं परत जायची.

आमच्या नालीला दोन दुखणी होती. पहिलं कापसाचं. दिवाळीनंतर बाजारात कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, लागत, जिनिंगचे भोंगे वाजत, आणि हवेत नुसता कापूस उडे. केसांत कापूस, मिशांत कापूस, चहात कापूस, आणि उरलेला सगळा नालीत. पुढं पावसाचा गाळ त्यात कालवला गेला की नालीत चक्क गादी तयार व्हायची. पाणी यायचं आणि त्या गादीला टेकून आरामात बसायचं.

दुसरं दुखणं ओट्याचं. आमच्याकडं ज्या घराला ओटा नाही त्या घरात मुलगी देताना लोक दोनदा विचार करत. बसायला ओटा, सुपारी कातरायला ओटा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायलाही ओटाच. आधी घरापुरता बांधायचा, मग तो पुरेना झाला की समोरच्या सरकारी नालीवर दगडी फरशा टाकून पार रस्त्यापर्यंत आणायचा. वर गप्पा, खाली नाली. झाडूवाल्यांनी फावडं घालायचं तरी कुठून? ओटे काढा म्हटलं की लोक असे बघत, जसं मी त्यांचं नाकच कापायला निघालो आहे.

गावातला सर्वांत ऐसपैस ओटा होता आमच्या अध्यक्षांचा. बापूसाहेब जुने मालगुजार. मालगुजारी गेली तरी रुबाब गेला नव्हता. देह भरदार, आवाज चार घरं ओलांडून जाणारा, आणि मन लोण्याहून मऊ. एकच अडचण होती, त्यांच्याच्यानं कोणाला 'नाही' म्हणवत नसे आणि 'हो' म्हटलेलं काही घडत नसे. प्रत्येक गोष्टीला उत्तर एकच, "पाहू ना, पोळ्यानंतर." पोळा झाला की दसरा असायचाच.

नगरपालिकेला सभागृह होतं. पण पावसाळ्यात त्याचं छप्पर गळायचं. ते दुरुस्त करायचं तर ठराव हवा, ठरावाला सभा हवी, आणि सभेला छप्पर. म्हणून श्रावण-भाद्रपदातल्या सभा बापूसाहेबांच्या ओट्यावर भरत. वर टिनाचा पत्रा, खाली सतरंजी, मध्ये पानाचं तबक, आणि आतून चहामागून चहा. नगरपालिकेचा सगळा कारभार त्या ओट्यावर चालायचा, आणि त्या ओट्याखालीच नगरपालिकेची मुख्य नाली अडायची.

आता ही नाली कुठून कुठं जायची ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ती बाजारातून यायची, बापूसाहेबांच्या घरापुढून जायची, आणि तशीच पुढं गावाबाहेरच्या नाल्याला मिळायची. ओट्याखाली ती तुंबली की पाणी रस्त्यावर चढायचं. रस्त्याला लागून एक उताराची गल्ली होती, त्या गल्लीतून ते धावत सुटायचं आणि खालच्या वस्तीतल्या मैदानात जाऊन साठायचं. गावाचं पाणी, बाजाराचा कचरा, सगळं त्यांच्या दारात. वर्षानुवर्षं.

त्या वस्तीतले बहुतेक लोक जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा सगळी वस्ती जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तिथून निवडून आलेले आमचे नवे सदस्य म्हणजे दौलतजी. जिनातल्या कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसवर काम करणारे, काटक अंगाचे, बोलणं तोलून-मापून, पण मधूनच असा चिमटा काढत की ज्याला बसला त्याला घरी गेल्यावर समजायचं. ते पहिल्यांदा सभेला आले तेव्हाची गोष्ट मला आठवते. सतरंजीवर त्यांना शेजारी कसं घ्यायचं म्हणून काही सदस्यांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी एकानं शक्कल काढली, त्यांच्यासाठी आतून खुर्ची मागवली. दौलतजी शांतपणे खुर्चीवर बसले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की अध्यक्षांसकट सारी नगरपालिका खाली बसली आहे आणि दौलतजी एकटे उंच बसून सगळ्यांकडं बघताहेत. मला हसू आवरेना, मी खोकल्याचं निमित्त केलं.

हे दौलतजी आषाढ सरता सरता एकदा कचेरीत आले. चेहऱ्यावर आनंद आणि काळजी दोन्ही एकदम.

"ओरसेर सायब, आमच्या शांताचं लगन ठरलं."

"वा! कधी?"

"श्रावनात."

मी चाटच पडलो. भर पावसाळ्यात लग्न? चातुर्मासात आमच्याकडं कोणी सुपारीसुद्धा फोडत नाही.

"सारा बजार हेच इचारून राह्यला," दौलतजी म्हणाले. "देव झोपले असताना लगन कसं लावता म्हनते. म्या म्हनलं, झोपू द्या ना बावा, आम्ही कोनाले उठवून राह्यलो? आता आमच्यात मुहूर्त नाई पाहत. पोरगा बडनेऱ्याले रेल्वेत हाय. त्याले सुट्टी तवाच भेटून राह्यली, तं तोच मुहूर्त."

"छान झालं की! मग शाळेचा हॉल मागा. मी शब्द टाकतो."

त्यांनी मान हलवली. "नाई सायब. नव्या रीतीचं वस्तीतलं पयलं लगन हाय. ते आमच्याच मैदानात होईन. कोनाच्या मेहेरबानीच्या छपराखाली नाई." मग म्हणाले, "नवरा-नवरी दोघंबी पांढऱ्या कपड्यात राह्यतीन. अन् तुमची नाली तुंबली का आमच्या मैदानात गुडघ्याएवढं पानी. तुम्हीच सांगा, पोरीले काय डोंग्यात उभी करू?"

मी काय सांगणार? नाली कुठं अडते हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, उभ्या गावाला माहीत होतं. फक्त बापूसाहेबांना सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. शांता मी पाहिलेली मुलगी. बापाचा डबा घेऊन जिनात जाताना कचेरीवरून जायची, हसतमुख. तिच्या लग्नात बाजाराचा चिखल यावा हे माझ्याही मनाला लागलं. पण ओव्हरसियरनं अध्यक्षाच्या ओट्याला हात लावायचा म्हणजे स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणं.

"तुम्ही फक्त एक करजो," दौलतजी उठता उठता म्हणाले. "सभेत म्या जे बोलीन त्याले आडवे नोका येऊ."

सभा भरली. ओट्यावरच. आधी अंदाजपत्रकाचा विषय झाला. आमचं अंदाजपत्रक म्हणजे दरसालचं नाटक. नाल्यांना रक्कम लिहिलेली असायची, आणि दरसाल ती दिवाबत्तीकडं वळवली जायची, कारण दिवा लागला की लोकांना दिसतो, सदस्याचं नाव होतं. नाली वाहिली तर कोण बघतंय? त्या दिवशीही नाल्यांचा पैसा दिव्याला गेला. मग सगळे पान लावायला लागले तेव्हा दौलतजी खुर्चीवरून म्हणाले, "अध्यक्षसायब, माह्या एक ठराव हाय. त्याले एक पैसा खर्च नाई."

खर्च नाही म्हटल्यावर सगळे एकदम प्रसन्न झाले. बापूसाहेब म्हणाले, "मांडा ना मंग!"

"ज्याचा ओटा सरकारी नालीवर असन, त्यानं तो नालीपुरता सोताच काढावा. नाई काढला तं नगरपालिकेनं काढावा. बस, इतकंच."

"वा!" एक सदस्य म्हणाले. "शहाणपनाचा ठराव हाय. त्या सराफाच्या ओट्यानं पार रस्ताच खाल्ला." दुसऱ्यानं तेल्याच्या ओट्याचं नाव घेतलं, तिसऱ्यानं शाळेजवळच्या वकिलांचं. दुसऱ्याचे ओटे आठवताना सगळ्यांच्या अंगात उत्साह संचारला होता. बापूसाहेब तर इतके रंगात आले की मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंजूर! एकमतानं मंजूर! गावाची शिस्त म्हंजे शिस्त."

हे म्हणताना ते ओट्याच्या अगदी कडेला बसले होते, पाय खाली सोडून. आणि त्या पायांखाली आमची नाली. चुना-तंबाखू मळत उभा असलेला झाडूवाल्यांचा जमादार किसन माझ्याकडं बघत होता, मी त्याच्याकडं. दौलतजी मात्र टिनाच्या पत्र्याकडं बघत होते. त्या ओट्यावर बसलेल्या एकाही शहाण्याला आपण कशावर बसलो आहोत हे सुचलं नाही. असं फक्त आमच्या गावात होऊ शकतं, कारण आमच्याकडं ओटा म्हणजे बांधकाम वाटतच नाही कोणाला, तो जन्मापासून असतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि किसन गेरूचं डबडं घेऊन निघालो. नालीवर आलेल्या प्रत्येक ओट्यावर फुली मारायची. सराफानं शिव्या घातल्या, तेल्यानं पाणी पाजलं आणि मग शिव्या घातल्या, वकिलांनी कायदा सांगितला. फुल्या मारत मारत आम्ही बापूसाहेबांच्या दाराशी आलो. मागं निम्मा बाजार. किसननं कुंचला माझ्यापुढं केला, तो मी घेतला आणि मारली फुली.

बापूसाहेब दात घासत होते. फुलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फुलीकडं.

"हे काय बावा?"

"कालचा ठराव, साहेब."

"अरे पण... म्या अध्यक्ष हावो ना?"

"म्हणून तर तुमच्याच सहीचा आहे."

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. बापूसाहेब कानापर्यंत लाल झाले. चिडले नाहीत, त्यांना चिडता येत नसे, पण भांबावले. "असं कर," ते म्हणाले, "आधी दाखव, का पानी माह्याच ओट्याखाली अडते म्हून. दाखवलं तं मानलं. नाई दाखवलं तं पाहू, पोळ्यानंतर."

मला एवढंच हवं होतं. पाणी कुठून कुठं जातं हे शोधायची आमची एक साधी रीत आहे. नालीच्या वरच्या अंगाला रंग सोडायचा आणि खाली तो कुठं निघतो ते बघायचं. रंग कुठून आणायचा, तर बापूसाहेबांनीच आतून निवडणुकीतल्या विजयाचा उरलेला गुलाल काढून दिला. "घे, होऊन जाऊ दे!" रात्री पाऊस झाला होता, नालीत पाणी होतं. किसननं वरच्या अंगाला गुलालाची अख्खी पिशवी रिकामी केली. गुलाबी लोंढा ओट्याखाली शिरला. सगळे ओट्याच्या पलीकडच्या बाजूला वाकून बसले. सराफ, तेली, वकील, शाळेला निघालेली पोरं. दौलतजी हाताची घडी घालून उभे.

एक मिनिट गेलं, दोन गेली. पलीकडं पाणी आपलं तसंच, मळकट. गुलाबीचा थेंब नाही. अलीकडं मात्र पाणी चढायला लागलं.

आणि तेवढ्यात घरातून किंकाळी आली. "अवं माय वं! अवो, आयकून राह्यले का? न्हाणीत रगत आलं, रगत!"

बापूसाहेब धावले. मागं आम्ही. न्हाणीघराच्या मोरीतून उलटं पाणी वर येत होतं, गुलाबीगर्द. बापूसाहेबांची पांढरीशुभ्र धोतरं तिथं धुवायला काढून ठेवलेली, ती त्या पाण्यात मजेत भिजत होती. घरातल्या मोरीचं पाणी ओट्याखालच्या नालीला मिळायचं. नाली तुंबली की तेच उलट फिरून न्हाणीत यायचं. रोज थोडं थोडं, कोणाच्या ध्यानात न येण्याइतकं. गुलालानं ते उघडं पाडलं. त्यातलं एक धोतर पुढं फाटेपर्यंत गुलाबीच राहिलं.

वहिनीसाहेब, म्हणजे बापूसाहेबांच्या पत्नी, ठेंगण्या, नाकात नथ, आणि घरात त्यांच्या शब्दापुढं बापूसाहेबांचा आवाज एका घरापलीकडं जात नसे. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून ऐकलं.

"म्हंजे," त्या हळूहळू म्हणाल्या, "इतकी वर्सं मी बजाराच्या नालीत उभी राहून आंग धून राह्यली?"

बापूसाहेब भिजलेली धोतरं गोळा करायला लागले.

"अन् हे पानी इथून जाते कोठी?"

"आमच्या मैदानात, बाईसाहेब," दौलतजी दारातून म्हणाले. "तिथं पुढच्या आयतवारी माह्या पोरीचं लगन हाय."

वहिनीसाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. बापूसाहेब घाम पुसत म्हणाले, "काढतो ना, ओटा काढतो. म्या कोठी नाई म्हनलं? पोळ्यानंतर..."

"पोळा गेला चुलीत!" वहिनीसाहेब कडाडल्या. "या ओट्यानं मले काय देल्लं? सकाळपासून चहा, दुपारी चहा, सभा आली का चहा. सारं गाव वरतं बसून मजेत, अन् मी चुलीपाशी. किसन, सब्बल आण!"

किसननं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली, पण द्यावी कोणाला हे त्याला समजेना. वहिनीसाहेबांनी ती हातातून ओढून घेतली, पदर खोचला, आणि ओट्याच्या कडेच्या फरशीवर असा घाव घातला की बघ्यांमधले दोघं-तिघं मागं सरकले. फरशी काही तुटली नाही, पण ठिणगी उडाली आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या घावाला बापूसाहेब पुढं आले. "थांब वं, हाताले लागन तुह्या," म्हणत सब्बल त्यांनी घेतली. आणि स्वतःचा ओटा स्वतः फोडायला लागले! प्रत्येक गोष्ट पोळ्यानंतर ढकलणारा माणूस एकदा सुरू झाल्यावर थांबायला तयार नव्हता. घामानं चिंब, धोतर गुडघ्यावर, आणि वरून ओरडताहेत, "सराफ, पाहून काय राह्यला बे? तुह्या ओटा बाकी हाय!"

फरशा उचलल्या तशी खालून ती कापसाची गादी निघाली. काळी, जाडजूड, एका माणसाला ओढवेना. दोर बांधून ओढली तेव्हा मागून काय काय आलं! बुद्धिबळाचा उंट, दोन चपला, तंबाखूच्या डब्या, आणि बापूसाहेबांचा चांदीचा अडकित्ता, जो कोणी नेला म्हणून त्यांनी निम्म्या गावावर संशय घेतला होता. त्यांनी तो धोतराला पुसला आणि दौलतजींपुढं धरला. "आधी सुपारी तुम्ही कातरा." दौलतजींनी हसत कातरली.

पण माझं काम अजून बाकी होतं. ओट्याखालचा नालीचा तळ उंच झालेला निघाला, ढाळच उलटा. तो पूर्ण उकरून नव्यानं बसवायचा म्हणजे चार कोरडे दिवस हवेत, आणि श्रावण कोणाचं ऐकतो? किसनची टोळी, वस्तीतले जिनातून सुटून आलेले लोक, आणि दिवसभर ओट्याच्या जागी खुर्ची टाकून देखरेख करणारे बापूसाहेब, असं ते काम चाललं. पाऊस आला की घरातले पाट, पत्रे, काय मिळेल ते चुन्यावर झाकायचं. वहिनीसाहेब चहा पाठवत होत्या, पण आता कामाच्या माणसांना. लग्नाच्या आदल्या दिवशी शेवटचा दगड बसला. चुना पुरता वाळलाही नव्हता. नाली वाहिली नाही तर गावापुढं हसं माझं, आणि दौलतजींच्या पोरीच्या लग्नाचा चिखल.

रविवारी सकाळपासून आभाळ काळंभोर. मैदानात मांडव उभा, आंब्याच्या डहाळ्या, बुद्धाच्या तसबिरीपुढं उदबत्त्या आणि मेणबत्त्या. सेलूहून एक मास्तर आले होते, नवी रीत त्यांना येत होती. शांता पांढऱ्या पातळात इतकी देखणी दिसत होती की बायका कडाकडा बोटं मोडत होत्या. दौलतजी मात्र मांडवात क्षणभरही ठरत नव्हते. दर थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी यायचे, जिथं मी छत्री घेऊन पहारा देत होतो.

"काय म्हनते सायब?"

"अजून काही म्हणत नाही."

मास्तरांनी त्रिशरण-पंचशील म्हणवून घ्यायला सुरुवात केली आणि पावसानं तोंड सोडलं. सोडलं म्हणजे असं, की समोरचं घर दिसेना. मी धावत ओट्याच्या जागेवर गेलो. बाजाराकडून पाणी आलं, काळं, फेसाळ, काटक्या घेऊन. नव्या नालीच्या काठापर्यंत चढलं. एक बोट उरलं असेल. मी श्वास धरून उभा. दारात बापूसाहेब आणि वहिनीसाहेब, त्यांचाही श्वास अडकलेला. पाणी तिथं क्षणभर घुटमळल्यासारखं झालं, आणि मग जे सुटलं म्हणता! खळखळत, उड्या मारत, सरळ गावाबाहेरच्या नाल्याकडं. गल्लीकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"गेलं! गेलं वो!" बापूसाहेब लहान पोरासारखे ओरडले. तो ओरडा गल्लीतून मांडवात पोचला. अर्धे वऱ्हाडी लग्न सोडून नाली बघायला धावले. नाचणगावचा एक म्हातारा पाहुणा मला विचारत होता, "इथं नवरी कोनती हाय?" मी हातानं मांडव दाखवला, पण डोळे माझेही नालीतच. खाली मांडवात फुलं पडत होती आणि वर आम्ही नालीपुढं टाळ्या वाजवत होतो. एवढी शाबासकी माझ्या कुठल्याच कामाला कधी मिळाली नाही.

मग पंगत बसली. आता हे आजच्या वाचकाला साधं वाटेल, पण त्या काळी आमच्या गावात वरच्या आळीचं कोणी त्या वस्तीत जेवायला बसत नसे. आहेर देऊन उभ्या उभ्या निघायची रीत. बापूसाहेबही आहेर देऊन वळले होते. वहिनीसाहेब मात्र सरळ गेल्या आणि बायकांच्या पंगतीत पत्रावळीपुढं बसल्या. वाढणाऱ्या बाईचा हात थबकला.

"वाढ ना वं बाई," वहिनीसाहेब म्हणाल्या. "माह्या घरचं पानी इतकी वर्सं तुमच्या दारात आलं. तुमच्या घरचं वरन माह्या पानात नाई येऊ शकत?"

वरण आलं. भात आला, वांग्याची भाजी आली, बुंदी आली. बापूसाहेब बराच वेळ उभे होते. मग त्यांनी जोडे काढले आणि पुरुषांच्या पंगतीत दौलतजींच्या शेजारी दणकन बसले. "सरका थोडं," म्हणाले, "म्या जरा जागा जास्त घेतो." मांडव हसण्यानं दणाणला. सारे ओटे काही निघाले नाहीत, वकिलांचा तर माझ्या निवृत्तीपर्यंत जागचा हलला नाही, त्याची खंत अजून आहे. पण त्या पंगतीत मी पोटभर जेवलो.

संध्याकाळी पाठवणी. दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, सजवून उभी होती, रेल्वे गाठायची होती. शांता सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, बाया रडल्या, वहिनीसाहेबसुद्धा रडल्या. दौलतजी कोरडे. बैलांच्या दोऱ्या बघून घेतल्या, जावयाला स्टेशनचा रस्ता सांगितला, पेटी नीट ठेवली. दमणी निघाली, गल्ली चढली, वळली, दिसेनाशी झाली. पाऊस पुन्हा भुरभुर लागला होता. सवयीनं ते गल्लीच्या तोंडाशी आले, नालीकडं पाहिलं. पाणी आपलं चाललं होतं. मग माझ्याकडं पाहिलं, जसं काही आत्ताच जागे झाले.

"सायब," ते म्हणाले, "ठरल्यापासून डोक्यात निस्तं पानी. पानी येईन का, पानी जाईन का. पोरगी चालली, हे माह्या ध्यानातच नाई आलं."

आणि ते तिथंच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. नाल्यांबद्दल काहीही विचारा, मी सांगेन. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला कधीच आलं नाही. मी त्यांच्याजवळ बसलो आणि छत्री त्यांच्या डोक्यावर धरली.